कॅम्पच्या सुरीची मूठ बदलायची आहे: हायलम, शिसम की अजून काही?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, काही चुकलं तर सांगा. वडिलांची जुनी कॅम्पची सुरी आहे, कार्बन स्टीलचं साडेचार इंची पातं, चार मिलिमीटर जाड, फुल टँग आहे म्हणजे पात्याचंच पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत सलग गेलंय आणि त्यात तीन भोकं आहेत. वरची रबरी मूठ चिकट होत होत शेवटी साल निघावी तशी निघाली आणि तुम्ही ती खरवडून काढलीत. पावागढ, जांबुघोडा बाजूला शाळेच्या मुलांचे कॅम्प घेता, तिथे दोरी कापणं, बांबू तासणं, वेळ आली तर कांदे-बटाटे चिरणं एवढं काम. हात लहान आहे. आणि आता शिसम लावू, मायकार्टा लावू, जी-टेन लावू (दोन्ही कापड आणि रेझिनच्या कडक शीट) की काकांकडे पडलेलं चितळाचं शिंग लावू, हा प्रश्न.

उत्तर सरळ देतो, कापडी हायलम लावा, म्हणजे कापडाचे थर रेझिनमध्ये दाबून केलेली कडक शीट. का ते पुढे लिहितो, थोडं लांबेल, कारण वडिलांची सुरी आहे आणि मूठ एकदा चिकटवली की परत काढायला फार त्रास होतो.

आधी ती रबरी मूठ का गेली ते बघू, नाहीतर तीच चूक परत व्हायची. ती वापरून झिजली नाही, ती विरघळली म्हटलं तरी चालेल. मऊ रबरासारखं जे मटेरियल असतं त्याला दोन गोष्टी मारतात, एक म्हणजे उष्णता आणि दुसरं डासांचं मलम. मलमात डीट (डास पळवणारं रसायन) असेल ना तर ते बऱ्याच प्लास्टिकला आणि रबराला मऊ करतं, घड्याळाचे पट्टे, चष्म्याच्या फ्रेम सगळं खराब होतं त्याने. तुम्ही संध्याकाळी मुलांना मलम लावून देता आणि त्याच हाताने सुरी उचलता, वर्षानुवर्षं. त्यात बडोद्याचा मे महिना, सुरी गाडीच्या डिकीत. म्हणून परत रबर नको, कोणी कितीही चांगलं म्हटलं तरी नको.

आता मूठ कशावरून निवडायची. माझं वीस-बावीस वर्षांचं काम हेच आहे, टूलरूममधली नोकरी करता करता सुऱ्या, विळे, धारियं, कोयते दुरुस्त करत आलो आणि आता पूर्णवेळ तेच करतो. लोक दुकानात किंवा माझ्या टेबलावर मूठ हातात घेतात, कोरड्या हाताने, पंख्याखाली, आणि म्हणतात वा काय गुळगुळीत आहे. कॅम्पच्या सुरीची मूठ ओल्या हाताने निवडायची असते. घामाने ओला, पावसाने ओला, तेलाने ओला, टोमॅटोच्या रसाने ओला. मी स्वतः हे हाताला टाके पडल्यावर शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी जी-टेनची एक मूठ केली होती, खूप मेहनतीने आरशासारखी पॉलिश केली, काळी, सुंदर. जुलैत नर्मदेकाठी कॅम्पला कोवळा बांबू सोलत होतो, वरून पाऊस, सुरी गाठीत अडकली म्हणून जोर लावला आणि हात मुठीवरून पुढे सरकला तो थेट पात्यावर. तर्जनीला चार टाके. पातं उत्तम होतं, धार उत्तम होती, चूक फक्त मुठीच्या पृष्ठभागाची होती. तेव्हापासून मी कोणाच्याही कामाच्या सुरीची मूठ आरशासारखी करून देत नाही, कितीही आग्रह केला तरी.

तर हायलम. मायकार्टा मायकार्टा म्हणून जे ऐकता ते मूळ अमेरिकन ब्रँडचं नाव, वेस्टिंगहाउसचं, विजेच्या कामातलं इन्सुलेशन म्हणून आलेलं. बेकलंडने १९०७ मध्ये बेकेलाइट शोधलं, फिनॉलचं रेझिन, ते कागदात किंवा कापडात भिजवून थरावर थर दाबून तापवलं की ही शीट होते. आपल्याकडे तीच वस्तू विजेचे पॅनल बनवणारे, मोटर-ट्रान्सफॉर्मरवाले हायलम म्हणून ओळखतात. आणि बडोदा म्हणजे ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर, पॅनलचं गाव, त्यामुळे बाहेरून मायकार्टा मागवायची काही गरज नाही, मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत इन्सुलेशन मटेरियलवाल्याकडे जा आणि सांगा की कापडी हायलमचा कटपीस पाहिजे, दहा मिलिमीटरचा, टँगच्या दोन्ही बाजूंना लावायच्या दोन पट्ट्या निघतील एवढा. कटपीस बहुतेक वजनावर देतात. "कापडी" हा शब्द दोनदा म्हणा, कारण कागदी हायलम पण तशीच तपकिरी दिसते आणि दुकानदाराला वाटतं काय फरक पडतो. फरक पडतो. कागदी असेल ती आपटली की थरांमधून चिरते, पॅनलमध्ये स्क्रू मारून भिंतीला लावायला ठीक, मुठीला नाही.

ओळखायचं कसं, तर कापलेली कड बघा. कापडी असेल तर कडेला बारीक बारीक रेघा दिसतात, जरा लहरीसारख्या, आणि वरचा चकचकीत थर थोडा घासला की कापडाची वीण दिसते, उभे आडवे धागे स्पष्ट. कागदीच्या कडेला एकदम सरळ आणि बारीक थर दिसतात, वीण कुठेच नाही. कापताना दोन्हीचा वास मात्र तोच येतो, जुन्या हॉस्पिटलच्या फिनाइलसारखा, तो वास आला की फिनॉलिक आहे एवढं नक्की. मास्क लावून कापा, ती धूळ छातीत जाऊ द्यायची नाही.

तुमच्यासाठी हायलमच का, तर ती शंभर-दीडशे नंबरच्या पॉलिश पेपरवर सोडली की तिच्यातले कापसाचे धागे पृष्ठभागावर किंचित उघडे राहतात, ओलं झालं की ते धागे पाणी जरासं पितात आणि पकड कमी व्हायच्या ऐवजी घट्ट होते. हे मी वाचून सांगत नाहीये, बादलीत हात बुडवून बघायला लावतो मी लोकांना. पावसाळ्यात फुगत नाही, उन्हाळ्यात आकसत नाही, मलमाने काही होत नाही, पडली तर फुटत नाही. वजनाला लाकडाच्या जरा वर, हाताला थंड लागत नाही. वर्षभरात घामाने काळपट होते, ते मला आवडतं, कोणाला नाही आवडत.

जी-टेन म्हणजे आपलं ग्लास इपॉक्सी, तीच पॅनलवाली हिरवट पिवळी शीट, काचेचं कापड आणि इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळल्यावर कडक होणारं रेझिन. मजबुतीत हायलमच्या वर आहे, पाणी जवळजवळ शून्य पिते. पण ती पकड पृष्ठभागाने देत नाही, तुम्हाला कानशीने खाचा पाडाव्या लागतात, जाळी कोरावी लागते. आणि घरी कापायची म्हणजे काचेची धूळ, हाताला खाज, घशात खवखव, पाण्याखाली घासावी लागते, फिल्टरवाला मास्क लागतो. घरात लहान मुलं येतात-जातात तुमच्या, मी म्हणेन नको. समुद्रावर काम करणारा असता तर त्याला मी हीच सांगितली असती.

एक अजून मार्ग आहे आणि तुम्ही लिहिलंय की वडिलांची कॅनव्हासची जुनी पिशवी पण जपून ठेवलीय, म्हणून सांगतो. हायलमसारखी शीट घरी बनवता येते. पिशवीचे साधारण सहा इंच बाय दोन इंचाचे तुकडे कापायचे, कॅनव्हास किती जाड त्यावर पंधरा ते वीस थर लागतील, आधी कापड धुऊन उन्हात कडकडीत वाळवायचं, मग सावकाश सेट होणारं लॅमिनेटिंग इपॉक्सी घेऊन प्रत्येक थर दोन्ही बाजूंनी पूर्ण भिजवायचा, थरावर थर रचायचे, खाली-वर मेणकापड आणि सपाट फळ्या, चार क्लॅम्प, चोवीस तास हात लावायचा नाही. एकच सावधगिरी, इपॉक्सी मिसळताना एकदम मोठा गोळा करायचा नाही, थोडं थोडं मिसळायचं, कारण ते सेट होताना स्वतःच तापतं आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुपारी वाटीभर मिसळलंत तर वाटी हातात धरवणार नाही, धूर निघतो. पहाटे करा. मी एकाची एनसीसीच्या हॅवरसॅकची अशी मूठ केली होती, घासताना खाकी आणि फिकट हिरव्या रेघा एकमेकांत मिसळत उघड्या पडल्या आणि मध्येच शिवणीचा एक पांढरा दोरा, तो दोरा बरोबर अंगठ्याखाली आला. तो माणूस बराच वेळ काही बोलला नाही, नुसता त्या दोऱ्यावर अंगठा फिरवत बसला. तुम्हाला वेळ असेल तर हे करा. फक्त आधी जुन्या जीन्सवर एकदा करून बघा, पिशवी एकच आहे.

आता लाकूड. लाकडाची मूठ हातात जशी वाटते तशी दुसरी कुठलीच वाटत नाही, हे मी मान्य करतो, माझी स्वतःची घरातली सुरी शिसमची आहे. पण बडोद्यात लाकडाला वर्षातून दोन परीक्षा द्याव्या लागतात, मे महिन्यात कोरडं होऊन आकसणं आणि जुलै-ऑगस्टमध्ये ओल पिऊन फुगणं. पोलाद तसं हलत नाही. मग पट्टी आणि टँग यांच्यात केसाएवढी फट पडते, त्यात पाणी जातं, आणि कार्बन स्टील आतून गंजायला लागतं, तुम्हाला बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून लाकूड लावायचं तर हार्डवूड लावा, शिसम उत्तम, बाभूळ पण चांगली, गाड्याची चाकं आणि अवजारांचे दांडे बाभळीचे का करायचे ते उगाच नाही, फक्त आतला लाल गाभा घ्यायचा, बाहेरचं पांढरं लाकूड किडा खातो. सागवान सगळ्यांना सुचतं कारण सुताराकडे तुकडे पडलेले असतात, पण सागवान मुठीला मऊ, पटकन पोचे पडतात, आणि त्यात नैसर्गिक तेल असतं त्यामुळे इपॉक्सी नीट धरत नाही, लावायच्याच आधी ॲसिटोनने पुसलं तर धरतं.

लाकूड वाळलंय का हे "वाळलंय हो" या सुताराच्या शब्दावर सोडू नका. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, पट्टीचं वजन करा, पेन्सिलीने तारीख टाकून त्यावरच लिहा, आठ दिवसांनी परत, परत आठ दिवसांनी. दोन-तीन वेळा वजन तेवढंच आलं की वाळलं. मी शिसमची एक जोडी १४६ ग्रॅमवर घेतली होती, दुकानदाराच्या मते दोन वर्षं जुनी, ती सहा आठवड्यांत १२९ वर येऊन थांबली. ती तशीच चिकटवली असती तर तेवढं पाणी मुठीवर बसल्या बसल्या उडालं असतं आणि तडा गेला असता.

आणि तेल. लहानपणी आम्ही दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिरात मल्लखांबाला जायचो, तिथे खांबाला एरंडेल चोळायचे, अजूनही कित्येक लोक मला विचारतात की मुठीला एरंडेल लावू का, लाकडाला चांगलं असतं ना. मल्लखांबाला एरंडेल लावतात कारण ते वाळतच नाही, अंगाचं घर्षण कमी करतं. मुठीला नेमकं तेच नको. मुठीला वाळणारं तेल पाहिजे, म्हणजे जवसाचं, बॉइल्ड लिनसीड म्हणून रंगाच्या दुकानात मिळतं. पातळ हात लावायचा, पुसायचा, दोन दिवस थांबायचं, असे पाच-सहा हात. आणि ज्या फडक्याने पुसाल ते फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि चुरगाळलेलं फडकं आपोआप पेट घेतं, खरंच घेतं. दोरीवर मोकळं पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा.

शिंगाबद्दल. काकांना वाईट वाटेल, पण चितळाचं शिंग लावू नका आणि ते लावून द्यायला कोणाला सांगूही नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात चितळ-सांबराचं शिंग येतं, आणि जंगलात आपोआप गळून पडलेलं शिंग उचलून आणणंसुद्धा चालत नाही. जुनं आहे, आजोबांच्या वेळचं आहे, यावर कागद नसेल तर काही अर्थ नाही. मी असं काम घेत नाही, चांगला कारागीर कोणीच घेणार नाही. म्हशीचं शिंग कायद्याने चालतं, दिसतं पण छान, मात्र ते आपल्या हवेत पातळ पातळ थरांत उकलतं आणि त्याला कीड लागते, कॅम्पच्या सुरीला मी सुचवणार नाही. याच कायद्यावरून अजून एक, जांबुघोडा अभयारण्य आहे, आणि कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत सुरी पण येते, म्हणून अभयारण्याच्या हद्दीत कॅम्प असेल तर वनखात्याच्या परवानगीच्या पत्रात किचनच्या आणि कॅम्पच्या सुऱ्यांचा उल्लेख करून घ्या, मुलं बरोबर असताना गेटवर वाद नको.

बसवायचं काम. पात्याला आधी जाड पुठ्ठा आणि टेप गुंडाळा, पूर्ण, टोकासकट, हे टाळून जखमा झालेले लोक मी खूप पाहिलेत. टँग ऐंशी नंबरच्या पेपरने खरबरीत करा, चकचकीत पोलादावर गोंद धरत नाही, मग ॲसिटोनने पुसा आणि त्यानंतर बोट लावायचं नाही. तापवायचं काही काम निघालं तर लक्षात ठेवा की अशा पोलादाचं टेंपरिंग (कडक केलेलं पोलाद परत बेताने तापवून चिवट करणं) साधारण दोनशे डिग्रीला केलेलं असतं, त्याच्या वर गेलं की धार टिकायची नाही, त्यामुळे गॅसवर टँग धरून जुना गोंद जाळायचा नाही, उकळत्या पाण्याने तो मऊ होतो. पूर्वी विळ्या-सुऱ्यांची शेपटी लाख तापवून मुठीत बसवायचे, अजून बसवतात, आपल्या जवळच्या संखेड्याच्या खराद्यांचं, म्हणजे लाकूड कातणाऱ्यांचं, सगळं काम लाखेवर चालतं, पण लाख उन्हाने मऊ पडते, बंद गाडीत ठेवलेली सुरी हलायला लागते, तुमच्यासाठी इपॉक्सीच. अ‍ॅरल्डाइटचं हळू सेट होणारं घ्या, पाच मिनिटवालं नको, ते पाण्याला आणि उष्णतेला कच्चं पडतं.

लाकूड लावणार असाल तर टँग आणि पट्टीच्या मध्ये लेदरॉइडचा पातळ कागद घाला, मोटर वाइंडिंगचं सामान विकणाऱ्याकडे मिळतो, स्लॉटमध्ये घालतात तो. लाकूड थोडं हललं तरी तो मध्ये गादीसारखं काम करतो. हायलमला त्याची गरज नाही, रंगाची रेघ हवी असेल तर घाला.

रिबिटांसाठी पाच मिलिमीटरचा पितळी रॉड, तीन तुकडे, तेही खरबरीत करून. भोकाच्या मापात बरोबर बसले पाहिजेत, ठोकून घट्ट नाही. आणि क्लॅम्प आवळताना बरेच लोक पूर्ण जोर लावतात, मग सगळा गोंद बाहेर येतो आणि आत काही उरतच नाही. कडेने सगळीकडून गोंदाची बारीक रेघ बाहेर आली की थांबा. पुढच्या बाजूला, जिथे पट्टी संपून पातं सुरू होतं, तिथली कड चिकटवायच्या आधीच घासून पूर्ण करून ठेवा, नंतर तिथे कानस पोचत नाही, पात्यावर ओरखडे येतात, आणि तिथला बाहेर आलेला गोंद ओला असतानाच पुसून घ्या.

राहिला आकार, आणि लहान हातासाठी हा मटेरियलपेक्षाही मोठा प्रश्न आहे. बाजारातल्या बहुतेक मुठी मोठ्या पुरुषी हाताच्या असतात, लहान हाताने त्या धरायला जास्त आवळावं लागतं, अर्ध्या तासात मनगट दुखतं. टँग चार मिलिमीटर आणि दहा-दहाच्या पट्ट्या म्हणजे चोवीस झाले, ते घासून तुमच्यासाठी मधोमध अठरा-एकोणीसवर आणा, तर्जनीपाशी सोळाच्या आसपास. गोल करू नका, अंड्यासारखी लंबगोल ठेवा, अंधारात हाताला कळलं पाहिजे की धार कुठल्या बाजूला आहे. आकार ठरवायला घरात कणीक असेलच. पोळ्यांपेक्षा जरा घट्ट मळा, टेप गुंडाळलेल्या सुरीच्या टँगवर दोन्ही बाजूंनी थापा, वर पातळ प्लास्टिक, आणि कांदा चिरताना धरता तशी धरा, मग बांबू तासताना धरता तशी. बोटं कुठे रुततात, तळव्याखाली कुठे पोकळी राहते, सगळं त्या कणकेत दिसतं. त्याचा फोटो काढा, स्केल ठेवून, आणि पट्ट्या त्यावरून घासा. प्रत्येक बोटाला वेगळी खाच मात्र करू नका, एका पकडीत छान वाटते आणि दुसऱ्या पकडीत टोचते.

घासताना घाई नको, काढलेलं परत लावता येत नाही. शेवटच्या एक मिलिमीटरला आलात की काम थांबवा, दीडशेचा पेपर मारून तशीच वापरा. पंधरा मिनिटं सलग बांबू तासा, हात ओला करून. मग तळवा बघा. जिथे लाल झालंय तिथे मुठीवर पेन्सिलीने खूण करा, तेवढीच जागा कानशीने दोन-चार हात कमी करा आणि परत पंधरा मिनिटं. माझ्याकडे तीन-चार फेऱ्या होतात, तुमच्या पाच होतील. भोकांना हात लावायच्या आधी टँगचा एक फोटो मला पाठवा, तीनपैकी मागचं भोक कडेच्या फार जवळ असेल तर तिथे रिबिट न घालता दोरी ओवायची पोकळ पितळी नळी घालू.